समासातला मजकूर

मावशीचं बायबल उकलायला घेतलं, तेव्हा आतून निघालेलं एकेक तिने स्टीलच्या ताटलीत जमा केलं. जाळी पडलेलं पिंपळपान. नाताळच्या उपासनेची दोन पत्रकं. एका बाप्तिस्म्याचा फोटो, त्यातलं बाळ आता दुबईत नोकरीला आहे. आणि एसटीचं एक तिकीट, शाई पार उडालेलं.

"ते खुणेला घातलं होतं," ती म्हणाली. "कशाच्या खुणेला ते आता आठवत नाही. पण टाकू नकोस."

मी 31 वर्षं पुण्यात मुद्रितशोधक होतो. छापखान्यात राहून राहून हाताने बांधणी करायलाही शिकलो. मावशीच्या बायबलची पाठ सुटली होती, पुठ्ठा दोन दोऱ्यांवर लोंबत होता, आणि बाजारातल्या बाइंडरकडे ते द्यायला ती तयार नव्हती. "कडा कापून टाकतात," हे तिचं कारण. खरंच आहे ते. कटिंग मशीनखाली पुस्तक गेलं की समास जातो, आणि या बायबलच्या समासात पन्नास वर्षांचं पेन्सिलीचं लिखाण आहे. म्हणून दाभण, दोरा, कापडी पट्टी आणि खळीचा डबा घेऊन मीच नगरला गेलो.

पुस्तक उकललं की वाचणाऱ्याचा हात दिसतो. मी फर्मे सुटे करून सतरंजीवर ओळीने मांडले. कडेकडून पाहिलं तर थर वेगळे ओळखू येत होते. स्तोत्रसंहिता काळपट, यशया काळपट. योहानाच्या शुभवर्तमानाचे कोपरे इतके मऊ झालेले की कागद आहे की जुनं धोतर, कळू नये. गणना आणि इतिहासाची दोन पुस्तकं मात्र पांढरी, कडक. मी ती दाखवली तेव्हा मावशी म्हणाली, "वंशावळ्या रोज कोण वाचतं? पण वाचल्यात. एकदा."

शेवटचं पान नव्हतं. कुठल्याही पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं आधी गळतात, जगाचा तडाखा त्यांनाच बसतो. त्या जागी वहीचा रेघी कागद मापात कापून डिंकाने चिकटवलेला होता, आणि त्यावर मावशीचं शाळेच्या बाईंचं गोल अक्षर. प्रकटीकरणाच्या बाविसाव्या अध्यायाचा शेवट.

"हे कधी उतरवलंस?"

"मोतीबिंदू काढायच्या आधी. शेजारणीचं बायबल आणलं होतं दोन दिवस."

सवयीने माझं बोट ओळींवरून फिरायला लागलं. मुद्रितशोधक आधी अक्षरं वाचतो, अर्थ मागाहून येतो. एका ठिकाणी बोट अडखळलं. मी शेजारणीकडचं बायबल मागवून घेतलं आणि ताडून पाहिलं. त्या अध्यायाच्या अखेरीस एक कडक इशारा आहे. या संदेशात भर घालणाऱ्याला एक शिक्षा, त्यातून काही काढून टाकणाऱ्याला दुसरी. दोन्ही वाक्यांची घडण एकसारखी, आणि 'पुस्तक' हा शब्द दोन्हींत फिरून फिरून येतो. मावशीची नजर पहिल्या वाक्यातल्या पुस्तकावरून उठली ती दुसऱ्या वाक्यातल्या पुस्तकावर जाऊन बसली. मधला मजकूर सुटला. छापखान्यात ही चूक रोज व्हायची.

मी ते सहज बोलून गेलो. मावशी ओट्याजवळ लसूण सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"म्हणजे ज्या वचनात काढू नका म्हटलंय, त्या वचनातूनच मी काढलं."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर मी इतकी भीती क्वचित पाहिली आहे. तिची समजूत घालणं भाग होतं, आणि मला ज्या गोष्टी माहीत होत्या त्यांनीच ती घालता येत होती. त्या सांगताना, ज्यावर ती आयुष्यभर उभी आहे ती जमीनच हलेल, हेही मला दिसत होतं. तरी सांगितलं.

"मावशी, अगं, हे तुझ्याआधी फार मोठ्या माणसाचं झालंय. 1516 साली बाझल शहरात इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. छापून लोकांच्या हाती आलेला तो पहिला. प्रकटीकरणासाठी त्याच्याकडे ग्रीक हस्तलिखित एकच होतं, आणि त्याचंही शेवटचं पान गळलेलं होतं. हाच अध्याय. हीच वचनं."

"मग काय केलं त्याने?"

"लॅटिन बायबल घेतलं, आणि त्यावरून ती वचनं उलटी ग्रीकमध्ये भाषांतर करून घातली."

"शेजारणीचं आणून."

"तसंच. आणि लॅटिन प्रतींत आधीच एक घोटाळा होता. लॅटिनमध्ये झाडासाठी 'लिग्नो' आणि पुस्तकासाठी 'लिब्रो'. नक्कल करणाऱ्या कुणाच्या तरी हातून एकाचं दुसरं झालं. ग्रीक प्रतींत जीवनाच्या झाडातला वाटा काढून घेण्याची गोष्ट आहे, ती जीवनाच्या पुस्तकातला वाटा झाली. ते इरॅस्मसच्या ग्रीकमध्ये आलं, तिथून पुढे 1611च्या किंग जेम्स बायबलात गेलं, आणि शेकडो वर्षं इंग्रजी देवळांतून तसंच मोठ्याने वाचलं गेलं."

मावशी गप्प. मग म्हणाली, "तेवढी वर्षं ते वाचणाऱ्यांचं देवाने ऐकलं नसेल का?"

"ते मला कसं सांगता येईल? मी मजकुराचं बोलतोय. आपण म्हणतो शास्त्र टिकलं. पण नेमकं काय टिकलं? अक्षर न् अक्षर तर टिकलं नाही. मार्कचं शुभवर्तमान घे. चौथ्या शतकातल्या दोन थोर हस्तलिखितांत ते कबरीवरून घाबरून पळणाऱ्या बायांपाशी संपतं. पुढची बारा वचनं त्यांत नाहीत. योहानातली ती व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेली बाई, तिची गोष्ट सगळ्यात जुन्या प्रतींत नाहीच."

"ती बाई नाही?" मावशीचा आवाज चढला. योहानाचा आठवा अध्याय तिचा. संडे स्कूलला तिने तो किती वर्षं शिकवला.

"जुन्या प्रतींत नाही. पुढच्या काळातल्या काही प्रतींत ती योहानात दुसऱ्याच जागी येते. काहींत तर लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसली आहे."

मी हे माझ्या बाजूचं म्हणून सांगत होतो. जी गोष्ट अशी इथून तिथे फिरते, ती मूळची कशी म्हणायची? मावशीने मात्र ते भलत्याच कानाने ऐकलं.

"म्हणजे कुणालाच तिला बाहेर टाकवेना," ती म्हणाली. "जागा मिळेना, तर दुसऱ्याच्या घरात ठेवली. पण ठेवली."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. अभ्यासक सांगतात की ती गोष्ट बहुधा तोंडी परंपरेतून जुनीच चालत आलेली असावी आणि नंतर लिखाणात शिरली. मावशी तेच सांगत होती, तिच्या घरगुती शब्दांत.

तरी मी हट्ट सोडला नाही. तिच्या खाटेसमोर भिंतीवर एक तसबीर आहे. शाळेतून निवृत्त झाली तेव्हा मंडळीने दिलेली. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातलं आठवं वचन. गवताच्या आणि फुलाच्या नाशवंतपणासमोर देवाच्या वचनाचं कायमपण उभं करणारं. मराठी ख्रिस्ती घरांत हे वचन फार ठिकाणी दिसतं.

"तसबिरीतलंच घे," मी म्हणालो. "1947च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी, कुमरानजवळच्या गुहांत मेंढपाळांना मातीच्या रांजणांत गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाची अख्खी गुंडाळी होती. चामड्याचे 17 तुकडे शिवून केलेली, सात मीटरांहून लांब, 54 रकाने. ख्रिस्ताच्या शंभरेक वर्षं आधीची. तोवर हिब्रू शास्त्राची सगळ्यात जुनी अख्खी प्रत होती ती 1008 सालची. म्हणजे एका उडीत अकराशे वर्षं मागे गेलो आपण. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिलं."

"आणि?"

"यशया यशयाच निघाला. फरक शेकड्यांनी आहेत, पण बहुतेक स्पेलिंगचे, व्याकरणाचे. काही खरे अर्थाचेही आहेत. पण तोच ग्रंथ, तेच 66 अध्याय."

मावशीचा चेहरा उजळला. मी हात वर केला. "थांब, पुढे ऐक. तेहतिसाव्या रकान्यात हे तुझं वचन आहे. त्याच्या आधीच्या वचनातही गवत सुकतं आणि फूल कोमेजतं, आणि पुन्हा याही वचनात. एकच शब्द दोनदा. लिहिणाऱ्याने आखूडच लिहिलं; एका गवतापासून दुसऱ्या गवतापर्यंतचा मजकूर त्याच्या ओळीत नाही. मागाहून कुणीतरी, वेगळ्या अक्षरात, तो मजकूर दोन ओळींच्या मधे कोंबला. जागा पुरेना, तेव्हा डाव्या समासात खाली खाली लिहीत नेला. त्यात देवाचं नाव यायचं होतं, तिथे त्याने नाव लिहिलं नाही. चार ठिपके दिले."

"भीतीने?"

"आदराने असावं."

"तेच ते," मावशी म्हणाली.

मी त्या रकान्याचा फोटो मोबाइलवर काढून दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. हिब्रू तिला कुठलं वाचता येणार? पण समासात उतरत गेलेली ती बारीक ओळ दिसायला भाषा लागत नाही. पाणी ज्या वाटेने घरंगळतं तशी ती कडेने खाली आली आहे. बाकी रकाना एकसारखा, सरळ, आणि नेमकी त्या एका जागी ही धडपड.

"देवाचं वचन कायम राहतं असं ज्या वचनात लिहिलंय," मी म्हणालो, "तिथेच हात घसरला. शास्त्र टिकलं ते असं, मावशी. टिकवलं म्हणून टिकलं. माणसांनी, दिव्याच्या उजेडात, चुकत, परत बघत. आपण त्याला आपोआप टिकलेलं म्हणतो तेव्हा त्या समासात लिहिणाऱ्याचे कष्ट पुसून टाकतो."

खरं तर मला आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती त्या ओघात सांगून टाकली. घसरला तो हातच, असंही खात्रीने म्हणता येत नाही. यशयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे वचन आखूडच आहे. तेव्हा आखूड पाठच आधीचा आणि मधला मजकूर मागून आला, असं मानणारे अभ्यासक आहेत. आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात हे वचन उद्धृत केलंय, तेही त्या आखूड रूपात.

मावशीने चहा टाकला. चहा उकळेपर्यंत ती बोलली नाही. मग दोन कप घेऊन येऊन समोर बसली.

"म्हणजे पेत्राकडे आखूड होतं, माझ्या बायबलात लांब आहे."

"हो."

"आणि पेत्राला काही कमी पडलं नाही."

"ते..."

"ऐक आता माझं. तू यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय वाचलायस?"

वाचला होता, पण तिने सांगावा तसा नव्हे. तिने चाळीस वर्षं मुलांना गोष्टी सांगितल्या आहेत. हिवाळ्याचे दिवस, नववा महिना, राजा यहोयाकीम हिवाळी महालात शेगडीपुढे बसलाय. यिर्मयाने तोंडाने सांगितलेली, बारूखाने शाईने लिहिलेली गुंडाळी त्याच्यापुढे वाचली जातेय. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीनचार रकाने, पुन्हा चाकू. सगळी गुंडाळी जळून जाते. तिथे बसलेल्या कुणाला भय वाटत नाही, कुणी कपडे फाडत नाही.

"मग देव यिर्मयाला काय सांगतो? दुसरी गुंडाळी घे, परत लिही. आणि अध्यायाच्या शेवटी काय आहे? पहिल्यातलं सगळं तर आलंच, वर तसलेच आणखी पुष्कळ शब्द त्यात घातले गेले." तिने कप खाली ठेवला. "शास्त्रातच लिहिलंय की पहिली प्रत उरली नाही. शास्त्रातच लिहिलंय की दुसरी पहिलीसारखी तंतोतंत नव्हती. मग तू मला नवीन काय सांगितलंस? मी कागदाला कायम म्हटलंच नव्हतं. ज्याच्या तोंडचं आहे तो जिवंत आहे, म्हणून ते परत लिहिता येतं. राजाने जाळलं ते बारूखाचं काम होतं. बोलणारा काही शेगडीत गेला नाही."

"पण परत लिहिलं ते बारूखानेच ना?"

"बारूखानेच. मग?"

"मग मी बारूखापाशी थांबतो, मावशी. त्याच्या पलीकडचं तू बघतेस, मला दिसत नाही. मला त्याची दुखणारी मान दिसते. 11 मार्च 1812ची रात्र घे. कोलकात्याजवळ श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. आपल्या मराठीचा पहिला छापील नवा करार त्याच छापखान्यातून आदल्याच वर्षी, 1811 साली, मोडी लिपीत बाहेर पडला होता. कागद जळाला, कितीतरी भाषांच्या खिळ्यांचं शिसं वितळून जमिनीवर सांडलं, विल्यम कॅरीची हाताने लिहिलेली भाषांतरं गेली. राखेत अक्षरांचे साचे मात्र शाबूत सापडले. काही आठवड्यांत त्यांनी परत खिळे ओतायला घेतले. कॅरी पन्नाशीचा होता. तो परत पहिल्या ओळीपासून बसला. आणि त्याच्याआधी त्याच्याबरोबर बसलेले वैजनाथ शर्मा, ज्यांच्याकडून तो मराठी शिकला, त्या पंडितांचं नाव किती ख्रिस्ती घरांत ठाऊक आहे?"

"मला ठाऊक नव्हतं," मावशी म्हणाली. प्रामाणिकपणे म्हणाली. "पण रमाबाई ठाऊक आहेत. केडगावला मी गेलेय."

आणि मग ती पंडिता रमाबाईंवर बोलत राहिली, आणि मी मधे तोंड घातलं नाही, कारण इथे आमचं दोघांचं एकच मत आहे. संस्कृत शास्त्रांत पारंगत बाई. बायबलचं मराठी खेड्यातल्या बाईला कळत नाही, संस्कृत शब्दांनी ते जड झालंय, म्हणून उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. दुष्काळातून, विधवापणातून तिच्या केडगावच्या मुक्तिसदनात आलेल्या बायकांनी खिळे जुळवले, यंत्रं चालवली. सगळ्या पवित्र शास्त्राचं भाषांतर एकट्या बाईने मूळ भाषांवरून केलं. 1921 साली मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल बाहेर पडलं 1924 साली.

"ते भाषांतर आपल्या मंडळीत वाचत नाहीत," मी म्हणालो.

"नाही वाचत. फार ठिकाणी नाही वाचत."

"मग ते टिकलं की नाही?"

तिने जरा विचार केला. "तू विचारतोस तसं नाही टिकलं. पण त्या बायकांनी जुळवता जुळवता वाचलं असेल ना? उलटी अक्षरं, एकेक खिळा. ज्यांना कुणी फळ्यावरचं अक्षर दाखवलं नव्हतं, त्यांच्या बोटांतून अख्खं शास्त्र गेलं. ते काय वाया गेलं?"

माझी पणजी, म्हणजे मावशीची आजी, गावकुसाबाहेरची. ज्यांची सावली पडली तर पोथी विटाळायची, त्यांच्यातली. मिशनच्या एका बायबलबाईने तिला झाडाखाली बसवून वाचायला शिकवलं, आणि तिने वाचलेलं पहिलं पुस्तक हेच. मावशी शास्त्राच्या टिकण्याबद्दल बोलते तेव्हा तिच्या मनात कुमरान नसतं, ते झाड असतं. मला हे ठाऊक आहे. आणि म्हणूनच मला जे सगळ्यात बोचतं ते मी तिच्यापुढे बोलू शकलो. परक्यापुढे बोललो नसतो.

"टिकणं म्हणजे चांगलंच असं कुठे आहे?" मी म्हणालो. "जातही टिकली आहे. एकाच मंडळीत, एकाच बाकावर बसून, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसं सोयरीक म्हटली की हळूच जुनी जात विचारतात. माझ्या लग्नाच्या वेळी काय झालं तुला आठवतंय. शास्त्र वाचणाऱ्यांनीच केलं ना ते? इकडे नवा करार पाठ आणि तिकडे ते. ज्या ग्रंथात दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असं पौलाच्या पत्रांतून लिहिलंय, तो ग्रंथ घेऊन गोऱ्या मळेवाल्यांनी गुलाम राबवले. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले. त्यातून इस्राएल मिसरच्या गुलामीतून बाहेर पडल्याची सगळी हकिकत काढून टाकली. जुन्या कराराचा फार मोठा भाग गाळला. आणि आज्ञापालनाची वचनं ठेवली. तेही शास्त्रच होतं. पुठ्ठा तोच."

मावशीने मान वळवली. खिडकीबाहेर कडुलिंबाखाली शेजारची मुलं खेळत होती. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"तुझ्या लग्नाच्या वेळी मी गप्प बसले," ती म्हणाली. "मला बोलायला हवं होतं."

मला हे अपेक्षित नव्हतं. मी काही बोलणार तोच ती पुढे म्हणाली, "गुलामांचं सांगितलंस, ते बघ मात्र नीट. त्यांना कापावं लागलं. यहोयाकीमासारखा चाकू लागला. मोशे राहिला असता तर गुलामांनी वाचला असता, म्हणून त्यांनी मोशे काढला. त्यांना ठाऊक होतं अख्ख्या पुस्तकात काय आहे. त्यांना तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं."

"पण आज्ञापालनाची वचनं त्यांनी घुसडली नव्हती, मावशी. ती होतीच."

"होतीच," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ती मी वर्गात कधी शिकवली नाहीत."

"म्हणजे तूही गाळलीस."

"हो. गाळली." तिने ते लपवलं नाही. "माझ्या आजीची नातवंडं बसली होती समोर. त्यांना मी काय सांगणार होते, की धन्याचं ऐका? मी निर्गम शिकवला. पण ती वचनं मी पुस्तकातून फाडली नाहीत रे. माझ्या बायबलात ती आहेत, बघ तूच. समासात प्रश्नचिन्ह केलंय पेन्सिलीने."

मी इफिसकरांस पत्राचा फर्मा शोधून काढला. सहाव्या अध्यायाच्या पाचव्या वचनापाशी खरोखर एक प्रश्नचिन्ह होतं. फिकट, पण दाबून काढलेलं, मागच्या पानावर उमटलेलं. खाली एक तारीख, तीही पेन्सिलीची. माझ्या लग्नाच्या आठवड्यातली.

मी मुद्रितशोधक, खुणांवर माझं पोट चाललं. प्रश्नचिन्ह म्हणजे संपादकाला विचारलेली शंका. ती उत्तर येईपर्यंत खोडायची नसते, आणि मजकूरही आपण होऊन बदलायचा नसतो. हे ती कुठे शिकली, ठाऊक नाही. तिच्या आणि माझ्या म्हणण्यात अजून अंतर आहे, आणि राहील. ती म्हणते बोलणारा जिवंत आहे. मी लिहिणाऱ्याच्या हातापुढे जाऊ शकत नाही. पण शास्त्र टिकलं म्हणजे नेमकं काय टिकलं, या माझ्या प्रश्नाला त्या दिवशी मिळालेलं सगळ्यात खरं उत्तर मला त्या पेन्सिलीच्या खुणेत दिसतं. न पटलेलं वचन तिने फाडलं नाही आणि मुकाट्याने मान्यही केलं नाही. ज्याला विचारायचं त्याला विचारून ठेवलं, आणि पुढची पंचवीस वर्षं ते पुस्तक रोज उघडत राहिली.

दुपारी मी शिवणीला बसलो. प्रत्येक फर्म्याच्या घडीत दाभणाने भोकं पाडायची, दोरा आतून बाहेर, बाहेरून आत, आणि मागच्या फर्म्याशी अडकवत जायचं. जुजबंदीचं काम सावकाशीचं. मावशी खाटेवर बसून दोऱ्याला मेण लावून देत होती. शेवटचा फर्मा हातात आला, तेव्हा वहीचं ते पान वर आलं.

"नवीन लिहून देऊ का?" मी विचारलं. "चांगल्या कागदावर."

"नको. हेच राहू दे. आणि खोडू नकोस काही. सुटलंय ते समासात लिही. त्यांनी लिहिलं तसं."

वहीच्या कागदाला समास असून असून किती असणार? मी बारीक टोकाचं पेन घेतलं, सुटल्या जागी काकपद दिलं, आणि शेजारणीच्या बायबलातून बघून मजकूर कडेने उतरवायला लागलो. अर्ध्यातच जागा संपली. पान आडवं धरून खाली खाली लिहीत गेलो. तिचं अक्षर गोल, माझं छापखान्यात बिघडलेलं, तिरकं. कुणी पन्नास वर्षांनी बघितलं तर इथे दोन हात आहेत हे लगेच ओळखेल.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

मी वाचायला लागलो. चारपाच शब्द झाले असतील नसतील, ती माझ्याबरोबर म्हणायला लागली. डोळे मिटून, पाठ. मधे एका शब्दावर आमचे आवाज वेगळे झाले. माझ्या कागदावर एक शब्द होता आणि तिच्या तोंडी दुसरा, लहानपणी ऐकलेल्या जुन्या भाषांतरातला असावा. दोघंही थांबलो.

"कुठला लिहू?" मी विचारलं.

"तुझ्या पुढ्यात आहे तोच लिही," ती म्हणाली. "माझा मला येतो." आणि मेण लावलेला दोरा तिने माझ्याकडे सरकवला.